वामनडॉक्टरांचा अर्ज

प्रिय ईशा आणि निखिल,

ईशाचं पत्र मागच्या आठवड्यात पोचलं. तिच्या इस्पितळातले काही डॉक्टर तिथल्या राज्याच्या कायदेमंडळापुढे एका बिलाबद्दल बोलायला गेले, त्यांत तीही होती. तिला बोलायला तीनच मिनिटं मिळाली, असं तिनं लिहिलंय. खाली निखिलची एक ओळ आहे: "आजी, डॉक्टरांनी दवाखाना सोडून कायद्यात कशाला पडायचं, हे तूच हिला समजाव." निखिल, ते मी समजावणार नाही. त्याऐवजी तुम्हा दोघांना वाशीमच्या वामनडॉक्टरांबद्दल सांगते. आजवर लिहिलं नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं. आता त्यांना पाहिलेली आमच्या गल्लीतली मी एकटीच उरले आहे, म्हणून जेवढं नीट आठवतं तेवढं क्रमानं लिहून ठेवते.

वामनडॉक्टर माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, हातांकडे पाहत. दवाखान्याच्या पायरीवर कोणीही चढलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पयले हात दाखव." मग तो पाय मोडलेला शेतकरी असो की डोकं दुखणारा सावकार. दाराशी मातीचा रांजण आणि साबणाची वडी असे. हात धुऊन आल्याशिवाय ते नाडीला हात लावत नसत. एकदा तहसीलदार आले होते. त्यांना वाटलं, डॉक्टर हस्तरेषा पाहतात की काय. त्यांनी कौतुकानं तळवा पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "साहेब, भविष्य बरं हाय. नखं काढा."

ते आमच्या घरापासून चार घरं सोडून राहत. बुटके, सावळे, कानावर केस असलेले. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. नागपूरला वैद्यकी शिकून आले होते आणि इंग्रजी उत्तम लिहीत, पण बोलणं सगळं वऱ्हाडी. माझे वडील वकील होते आणि घरात पुस्तकी बोलण्यावर त्यांचा कटाक्ष असे. ते एकदा म्हणाले, "वामनराव, शिकलेल्या माणसानं 'मले-तुले' करू नये." डॉक्टर म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा अशील खोटं बोलला तर तुमाले चालते. माह्या पेशंटनं खरं सांगितलं पायजे. थे त्याच्याच बोलीत निंगते."

तेव्हा आमच्याकडे बाळंतपणं घरातच होत आणि ती सुईणी करत. या सुईणी बहुतेक अशा वस्त्यांमधल्या असत की एरवी त्यांना ओसरीच्या आत कोणी येऊ देत नसे. बाळंतपणाच्या दिवशी मात्र त्यांना घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत बोलावत आणि बारा दिवसांनी पुन्हा त्या अंगणाबाहेर. नाळ कापायला घरातला विळा घेत. जखमेवर राख नाहीतर शेण लावत. मग सात-आठ दिवसांनी मूल आखडायचं, दूध सोडायचं आणि जायचं. लोक म्हणत, बाहेरचं लागलं. डॉक्टर म्हणत, विळ्याचं लागलं.

बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून या सुईणी वाशीमला येत. डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या मागच्या पडवीत बसवून शिकवायला सुरुवात केली. पहिल्या बाजाराला दोघी आल्या. त्यांतली एक अनसिंगची सर्जाबाई. उंच, हाडकुळी, तोंडाची फटकळ. डॉक्टरांनी नाळ कापायची कैची पाण्यात उकळायला सांगितली तर ती म्हणाली, "डाक्तर, लोखंड कायले शिजवता? खायाचं हाय का?"

"शिजवायचंच हाय, सर्जाबाई."

"किती वेळ?"

डॉक्टर घड्याळ काढायला गेले आणि थांबले. सर्जाबाईच्या गावात घड्याळ पाटलाच्या घरी, तेही बंद. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "शेजारच्या चुलीवर तुरीची डाळ टाकायची. डाळ बोटानं चेपली गेली की कैची शिजली."

हे तिला पटलं. पुढे वाशीम तालुक्यातल्या बाळंतिणीच्या घरी सुईण आली की आधी डाळ चुलीवर चढे. म्हातारे विचारत, पाहुणे येणार आहेत का. दोघींच्या पाच झाल्या, पाचांच्या अकरा. डॉक्टर कधी त्यांच्यावर ओरडले नाहीत. मी एकदा विचारलं, त्या विसरतात तरी तुम्ही रागवत कसे नाही? ते म्हणाले, "रागावल्यानं कोणी हात धुत नाही, कमल. लपवते फक्त."

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी अकोल्याला इंग्रजी शाळेत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. नागपूरच्या कायदेमंडळात प्रसूतीबद्दलचं एक बिल आलं होतं. त्यातलं एक कलम असं होतं की ज्या सुईणीला लिहितावाचता येतं आणि जिनं सरकारी परीक्षा दिली आहे, तिनंच बाळंतपण करावं. दुसरीनं केलं तर दंड, पुन्हा केलं तर कैद. प्रांतातल्या पुष्कळ डॉक्टरांनी या कलमाला पाठिंबा दिला होता. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अडाणी हातांनी मुलं मरत होती, हे वामनडॉक्टरांइतकं कोणाला माहीत असणार?

पण त्यांच्या अकराजणींपैकी एकीलाही अक्षर येत नव्हतं. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी बिल वडिलांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, "पावसाळ्यात इंझोरीला माही बैलाची दमणी पोचायला दीड दिवस लागते. मूल दीड दिवस थांबते का? सर्जाबाई भिऊन घरी बसली, तर पुन्हा सासूबाई अन् विळा."

वडील म्हणाले, "मग अर्ज करा. पण तुमचा एकट्याचा शब्द कोण ऐकेल? ज्यांचं बरंवाईट होणार त्यांच्या सह्या आणा."

म्हणजे आयांच्या. आता परक्या पुरुषापुढे बाया बोलणार कशा? तेव्हा माझी आई म्हणाली, "मी येते. कमलही येईल, तिचं अक्षर चांगलं आहे." वडिलांनी आईकडे पाहिलं आणि बिल घडी करून डॉक्टरांना परत दिलं. तो होकार होता.

त्या सुट्टीत आम्ही तिघं दमणीतून गावोगाव हिंडलो. आई आत जाऊन बायांशी बोलायची, मी यादीत नाव लिहायची, बाई अंगठा उमटवायची, आणि डॉक्टर बाहेर बैलांपाशी उभे राहून पोरांची नखं तपासायचे. यादी दोन प्रतींत होती. पक्क्या प्रतीवर अंगठे, कच्चीवर नुसती नावं. वर इंग्रजी मजकूर डॉक्टरांचा, अक्षर माझं.

नावांचं असं होतं. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तुम्हाला ऐकून माहीत असेल. तिचं स्वतःचं नावही तिच्याकडे फारसं उरत नसे. माहेरचं लग्नात बदललेलं, सासरचं कोणी हाक न मारलेलं. पहिलं मूल झालं की ती त्या मुलाची आई. मी विचारायची, "नाव काय?" ती सांगायची, "गणपतची आई." मी इंग्रजीत लिहायची, गणपतची आई. रुखमीची आई. चांदची अम्मा. पुढे माझ्या आईची पाळी आली. तिला लिहिता येत होतं. तिनं टाक घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: कमलची आई. आम्हा तिघांपैकी कोणालाही त्यात काही खटकलं नाही.

इंझोरीला आईचं नातं होतं, तिथं आम्ही मुक्काम केला. सकाळी अंगणात पंधरा-वीस बाया जमल्या. एक तरणी बाई मागे जात्यापाशी उभी होती. सगळ्यांचं झालं तरी ती पुढे येईना. आई म्हणाली, "ये की गं. तू कोणाची आई?"

दुसरी म्हणाली, "तिचं नोको घेऊ, बाई. तिचं लेकरू आठव्या दिवशी गेलं. विळ्यानं कापलं होतं."

आईनं मान खाली घातली. मला वाटलं, ही बाई तर सुईणींवर चिडलेलीच असणार. पण ती पुढे आली. "मले समजलं तुमी काहून आल्या. थ्या सुइनीले जेलात टाकून राह्यले म्हने सरकार."

"हो," आई म्हणाली.

"तिले जेलात टाकून माह्य लेकरू येते का? तिले कोनी शिकवलंच नाई. शिकवा म्हनावं. लिवा माह्य बी."

मी टाक उचलून थांबले. काय लिहू? तिनं माझी अडचण ओळखली. इकडेतिकडे पाहिलं, आणि जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगतेय असं हळू म्हणाली, "सुभद्रा."

मी लिहिलं. तिनं अंगठा इतका दाबला की कागद मागून फुगला. परतताना मी डॉक्टरांना हे सांगितलं. कामरगावचा कोणी ओळखीचा रस्त्यात भेटला, त्याचे हातही त्यांनी पाहिले नाहीत.

नागपूरला ते गेले, सोबत वडील गेले. पुढचं मी वडिलांकडून ऐकलं आहे, आणि वडील वकील असूनही वाढवून सांगत नसत. गाडी सुटल्यावर त्यांनी यादी पहिल्यांदा वाचायला मागितली. दोन पानं उलटली आणि कपाळाला हात लावला.

"वामनराव, यात एका बाईचं नाव नाही!"

"हे काय मंग? इतके नावं हायेत."

"या आया आहेत. कायद्याला बाई लागते. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. गणपतची आई म्हणजे कोण? वऱ्हाडात गणपत किती?"

डॉक्टरांनी यादी हातात घेतली आणि अकोला येईपर्यंत तशीच धरून बसले. शेवटी एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, तुमीच म्हणाले सह्या आणा. बायायनं जे नाव सांगितलं थे आमी लिवलं."

"घरी असतानाच मला दाखवायची होतीत."

"तुमची बायको सोबत होती. मले वाटलं, तुमाले सारं माहीत असन."

बिलाचा विचार करणाऱ्या समितीपुढे आधी शहरातले एक डॉक्टर बोलले. सफाईदार इंग्रजीत त्यांनी सांगितलं की बाळंतिणीचा जीव निरक्षर बाईच्या हाती देणं हा गुन्हा आहे. मग वामनडॉक्टर उभे राहिले. म्हणाले, यांचं निदान बरोबर आहे, औषध चुकलं आहे. त्यांनी डाळ आणि कैचीचं सांगितलं. समितीतले दोघं-तिघं हसले. मग एका सभासदांनी यादी उचलली आणि मोठ्यानं वाचायला लागले: गणपतची आई, रुखमीची आई, चांदची अम्मा, कमलची आई. "डॉक्टर, हा अर्ज आहे की हळदीकुंकवाची यादी? या कागदावर कायद्यानं ग्राह्य धरावं असं एकच नाव दिसतं. हे, सुभद्रा. बाकी सारा कागद रद्द. ही सुभद्रा तेवढी कोण?"

वडील सांगत, वामनडॉक्टरांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. वडिलांना वाटलं, संपलं. मग डॉक्टर इंग्रजी सोडून वऱ्हाडीत बोलायला लागले.

"साहेब, आमच्याकडे बाईले तिच्या पयल्या लेकराच्या नावानं वळखतात. या कागदावर जेवढ्या आया हायेत, त्यायचे तेवढे लेकरं जिते हायेत. मेलेल्या लेकराच्या नावानं कोनी कोनाले हाक मारत नाही. ह्या सुभद्राचं लेकरू आठव्या दिवशी गेलं. म्हनून तिले नाव सांगा लागलं. तुमी म्हनता हे एकच नाव खरं. बराबर हाय. ज्याच्यासाठी तुमी कायदा करून राह्यले, थे हेच नाव. अन् तिचंच म्हननं हाय का सुइनीले जेल नोको, शिकवा."

कोणी हसलं नाही. ते सभासद यादी खाली ठेवून म्हणाले, "बसा, डॉक्टर."

आता तुम्हाला वाटेल की ते जिंकले. ईशा, तुला कळेल म्हणून सांगते, तसं होत नाही. कलम गेलं नाही. कैद गेली, दंड राहिला. अक्षर येत नसलं तरी सुईणीला तोंडी परीक्षा देऊन परवाना मिळेल, अशी एक ओळ त्यात आली. शिकवण्यासाठी सरकारनं गावोगाव कैची आणि साबण द्यावा, ही त्यांची मागणी कोणी विचारातही घेतली नाही. प्रांतातल्या डॉक्टरांच्या सभेचं दरवर्षीचं बोलावणं मात्र त्यांना त्यानंतर आलं नाही. "चांगलं झालं, प्रवास वाचला," असं ते म्हणत. पण सभेचं पत्र येण्याच्या दिवसांत ते पोस्टमनची वाट पाहत, हे मी पाहिलं आहे.

तोंडी परीक्षा वाशीमलाच झाली. अकोल्याहून एक मोठे डॉक्टर आले होते. सगळ्यांत आधी सर्जाबाईला बोलावलं. ती आत गेली, टेबलासमोर उभी राहिली, आणि साहेबांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "साहेब, पयले हात दाखवा." साहेबांनी गोंधळून हात पुढे केले. तिनं वाकून पाहिलं. "दोन बोटाचे नखं वाढले हायेत. बाळंतिनीपाशी जाऊ नोका." दाराशी उभे असलेले वामनडॉक्टर तोंडाला धोतराचा सोगा लावून बाहेर गेले. कैची किती वेळ उकळायची, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तिनं डाळीचं सांगितलं. साहेबांनी बराच विचार करून कागदावर अर्धा तास असं लिहिलं आणि तिला पास केलं. तिला पितळी बिल्ला मिळाला. तो ती लुगड्याला न लावता कैचीच्या डब्यात ठेवायची आणि कैचीबरोबर उकळायची.

अकरापैकी आठ पास झाल्या. तिघींनी भिऊन काम सोडलं. त्यांतली एक इंझोरीच्या बाजूची होती, आणि तिच्या गावात दोन वर्षं पुन्हा सासवा आणि विळे चालले. डॉक्टर दर बाजाराला तिची चौकशी करत. ती अखेर तिसऱ्या वर्षी परीक्षेला बसली.

माझं लग्न झालं, मी मुंबईला आले. एका उन्हाळ्यात माहेरी गेले असताना दवाखान्यात डॉक्टरांपाशी बसले होते, आणि एक बाई कडेवर मूल घेऊन पायरी चढली. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच तिनं हात पुढे केले. स्वच्छ होते. मूल वर्षाचं असेल, मुलगी. बाई म्हणाली, "डाक्तर, वळखलं का? इंझोरीची. तुमच्या सुइनीनं केलं हे. तुरीची डाय शिजवून."

डॉक्टर उठून उभे राहिले. मुलीचेही हात पाहिले, दोन्ही, उलटून-पालटून.

"मंग," सुभद्रा म्हणाली, "थो कागद बदला लागते आता."

"कोणता कागद?"

"सरकारचा. त्याच्यावर मी एकटीच बिनलेकराची हाव. चांगलं दिसत नाही."

डॉक्टरांनी तिला सांगितलं की तो कागद नागपूरला सरकारजमा आहे, तो कोणालाच बदलता येत नाही. तिचा चेहरा पडला. मग ते माझ्याकडे वळले. "कमल, तुह्याकडची कच्ची प्रत हाय का?" ती वडिलांच्या कपाटात होती. मी घरी जाऊन आणली. त्यांनी मला सुभद्रेचं नाव खोडायला सांगितलं. माझा हात होईना. सुभद्रेनं विचारलं काय झालं, मी म्हटलं, हे नाव राहू द्या, खाली दुसरं लिहिते. ती थोडा विचार करून म्हणाली, "राहू द्या. थेही माह्यंच हाय."

त्यानंतर दोन वर्षांनी वामनडॉक्टर गेले. दवाखान्यात, खुर्चीत, दुपारी. छातीत दुखतं म्हणून बसले आणि उठले नाहीत. मी जाऊ शकले नाही. आईनं पत्रात लिहिलं की अंत्ययात्रेला बाया येत नाहीत, पण दवाखान्यापुढच्या रस्त्यावर पोरं घेऊन एवढ्या बाया उभ्या होत्या की तिरडी थांबवावी लागली. सर्जाबाईनं रांजणातल्या पाण्यानं डॉक्टरांचे हात धुतले आणि मग पुढे जाऊ दिलं.

दवाखाना आता नाही. तिथं दुकानं झाली आहेत. रांजणाचं काय झालं मला माहीत नाही. नागपूरचा मूळ अर्ज असेल तर असेल. कच्ची प्रत माझ्या लोखंडी पेटीत, वरच्या कप्प्यात, मेणकापडात बांधून ठेवली आहे. ती ईशानं न्यावी. सहा पानं आहेत. कागद पिवळा पडला आहे, शाई वाचता येते. शेवटच्या पानावर 'सुभद्रा, इंझोरी' असं माझ्या शाळकरी अक्षरात आहे. त्याच्या खाली, वेगळ्या शाईत, 'गोदावरीची आई'. आणि बाजूला एक अंगठा. त्या प्रतीत तेवढा एकच आहे.

तुमची,
आजी